बुचाची काजळी

हेटी ब्रेथवेट फुटबॉलच्या गोलात उभी राहिली की संघातल्या बाकीच्या पोरी निर्धास्त व्हायच्या. पहिल्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांत त्या सगळ्या जणी कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरायच्या, आणि शनिवारी दुपारी त्याच, दारूने पिवळ्या पडलेल्या हातांनी बुटांच्या नाड्या आवळून मैदानात उतरायच्या. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं अख्खं साउथ शील्ड्स त्यांना बघायला लोटायचं. हेटीचा बाप जोसाया मूळचा वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसचा, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. आई इथलीच, गोरी, जहाजांचे दोर वळणाऱ्या दोरखान्यात कामाला होती. हेटी लहान असतानाच ती वारली. पोरीने रंग बापाचा घेतला, बोलणं आईचं, आणि हात कुणाचे घेतले देव जाणे. इतके लांब, की कप्तान पेग नेस्बिट म्हणायची, "हेटे, दाराला कडी लावायला तुला खुर्चीवरून उठावंही लागत नसेल."

पेगची जीभ तिखट, पण हेटीवर तिचा फार जीव. प्रेक्षकांतून कुणी हेटीच्या रंगावरून काही ओरडलं, तर पेग पुढचा चेंडू नेमका त्याच्या टोपीवर मारायची आणि वर माफीही मागायची. हेटी मात्र फक्त चेंडू अडवायची. तिचं म्हणणं जे काही होतं ते त्यात आलं.

लढाई संपली, कारखाना बंद पडला, तरी संघ टिकला. मग एका डिसेंबरात लंडनच्या फुटबॉलमधल्या थोर मंडळींनी ठरवलं की हा खेळ बायकांच्या प्रकृतीला सोसणारा नाही. कुठल्याही क्लबाने त्यांना मैदान देऊ नये. फाटकं बंद झाली. पोरी काही दिवस गोदीमागच्या चिखलात खेळल्या. बघायला आधी शेकड्यांनी माणसं आली, मग ओळखीची, मग कुणीच नाही. पेगचा नवरा लढाईतून विषारी वायूने फुप्फुसं जाळून घेऊन आलेला. घरात कमावणारी ती एकटीच, आणि काम कुठेच नव्हतं.

अशा वेळी ऑर्डसाहेब भेटले. हे नाच-गाणी-नकलांचे खेळ लावणाऱ्या थिएटरचे मॅनेजर. पोट सुटलेलं, कोटाला कायम फूल, आणि बोलणं असं की माणसाला वाटावं आपणच राणी. त्यांनी बेत सांगितला: रंगमंचावर जाळं बांधायचं, पाच पोरींनी वाद्यांच्या ठेक्यावर चेंडू मारायचे, हेटीने गोलात उभं राहायचं. इथे एक आठवडा. लोकांना आवडलं तर उत्तरेतल्या सगळ्या शहरांचा दौरा. संघ एकत्र राहणार होता. पेगच्या घरची चूल पेटणार होती.

तालमीच्या वेळी साहेबांनी डोळे बारीक करून हेटीकडे पाहिलं. दिव्यांच्या झोतात ती करडी दिसते, म्हणाले. लोकांना काळी बाई म्हटलं की कशी दिसायला हवी ते ठाऊक असतं. काळ्यांचं सोंग घेणारे गोरे नट लावतात तशी जाळलेल्या बुचाची काजळी तिनेही लावावी, ओठ पांढरे रंगवावेत. आणि पाचवा चेंडू पायांतून जाऊ द्यावा, मग तोंडावर आपटावं. हशा तिथेच.

"पडशील ना, हेटे?" पेगने विंगेत तिचा हात धरला. "एकदाच पड. बाकीचं आयुष्य अडवत बैस."

"बघते," हेटी म्हणाली.

सोमवारी दुपारचा पहिला खेळ. आत संत्र्यांच्या सालींचा आणि ओल्या कोटांचा वास कोंदला होता. जोसाया सर्वांत वरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. हेटीने आरशासमोर आपल्या तपकिरी गालांवर काळं चढवलं. शेजारचा जादूगार तिला प्रेमाने शिकवत होता, डोळ्यांच्या कडा कशा सोडायच्या ते.

चार चेंडू आले, चारही तिने धरले. लोक तिच्या पांढऱ्या ओठांना हसत होते. पाचवा पेगने मारला, अगदी हळू, लेकराकडे ढकलावा तसा. हेटीने मनाशी पडायचं ठरवलंही होतं. हातांनी ऐकलं नाही. चेंडू छातीशी आला आणि तिथेच राहिला.

"अगं पड की, बये!" खालून कुणी ओरडलं. मग शिट्ट्या, मग पाय आपटणं सुरू झालं.

हेटी पुढे आली. सदऱ्याच्या बाहीने तिने तोंड पुसलं. कपाळ, गाल, ओठ, सगळं. तिला एवढंच दाखवायचं होतं की ही मी आहे, आणि मला खेळता येतं. काळ्याखालून तिचा रंग बाहेर आला. आणि मग जो हशा उसळला, तसा त्या थिएटरने बरीच वर्षं ऐकला नव्हता. काळं पुसलं तर खाली पुन्हा काळंच! लोकांना वाटलं, गंमत हीच होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर कोसळत होती. पेगही हसली, सगळे हसत होते म्हणून. मग तिने हेटीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

विंगेत ऑर्डसाहेबांच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं. "पोरी, हे रोज करायचं! दोन्ही खेळांना!"

मागच्या दाराशी जोसाया उभा होता. दोघं चालत घराकडे निघाली.

"एकही सोडला नाहीस," तो म्हणाला.

"कोण बघत होतं, बाबा?"

आठवडा तिने पुरा केला, पेगसाठी. रोज काळं लावलं, रोज पुसलं, रोज हशा झाला. शनिवारी तिने दौऱ्याला नाही म्हटलं. साहेबांना तिच्याविना हा प्रकार नको होता, त्यामुळे दौराच बारगळला. पेगने रडत रडत तिला नाही नाही ते ऐकवलं. ज्याच्या पोटात घास आहे त्यालाच असला मान परवडतो, म्हणाली. हेटीने ऐकून घेतलं. पुढे पेग न्यूकॅसलला लोकांच्या पायऱ्या घासायला गेली. कधी ती गावी आली आणि बाजारात समोरासमोर आल्याच, तर दोघी फक्त हवापाण्याबद्दल बोलायच्या.

हेटी आईच्याच दोरखान्यात लागली आणि तिथेच म्हातारी झाली. नव्या पोरी कधी कधी विचारायच्या, थिएटरात तोंड पुसणारी ती तूच का गं? ती हो म्हणायची. मैदानाबद्दल कुणी विचारत नसे, आणि तिनेही आपणहून कधी सांगितलं नाही.