पडून राहण्याचा अभ्यास

आमच्या घरात डोळे उघडले की उठायचं, एवढाच नियम होता. कुरखेड्याकडच्या गावात बाबा गावाची ढोरं चारत, आई मजुरीला जाई. शेत नव्हतं. मोहफुलांच्या दिवसांत उजाडायच्या आधी झाडाखाली पोचावं लागे. उशीर झाला की ढोरं नाहीतर अस्वलं फुलं खाऊन जात. आईने गोधडी ओढली की आम्ही बहिणी टोपली घेऊन उभ्या. मला स्वप्नं पडतच नाहीत, असं मी अठरा वर्षांची होईपर्यंत समजत होते.

नव्वद सालानंतर लवकरच मी चंद्रपूरला कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. होस्टेलात चहाच्या रांगेत मुली रात्रीची स्वप्नं सांगत. माझ्या खोलीतली मुलगी बल्लारपूरच्या शिंप्याची. तिची स्वप्नं सिनेमासारखी, मध्यंतरासकट असत.

"तुले काय पडलं?" तिने एकदा विचारलं.

काहीच नाही, म्हटलं.

"काऊन वं? सपनेबी राशनवर भेटते का तुमच्या गावात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लागलं. धड कपडे नव्हते, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. डोक्यातही काही नाही, हे मात्र मान्य नव्हतं.

वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात वाचलं, की स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं ओळखता येतं. पण आधी स्वप्नं आठवायला शिकावं लागतं. उशाशी वही ठेवावी, उठल्याबरोबर लिहावं. महिनाभर मी रोज तारखेपुढे 'काही नाही' लिहिलं.

दिवाळीला वही घरी नेली. एका सकाळी जाग आली, काहीतरी निसटतंय एवढं कळलं, आणि मी धडपडून उठून बसले. वही हाती येईपर्यंत सगळं कोरं. बाबा अंगणात चपला घालत होते. काय शोधतेस म्हणाले. मी सांगितलं. ते हसले नाहीत.

"ढोर हरवलं तं धावाचं नाई, माय. धावलं का ते आणखी आत घुसते. जिथी आखरी दिसलं, तिथी गप उभं राहाचं. मंग खूर पाहात मांगं मांगं जाचं."

दुसऱ्या दिवशी जाग आली तरी मी हलले नाही. त्याच कुशीवर, डोळे मिटून. शेवटचं जे होतं तेवढंच धरलं: ओला दोर. दोर विहिरीचा. विहिरीवर मामी, हातात माझी शाळेची पाटी.

"काऊन पडून राह्यली वं अजून? ताप आला का तुले?" आईचा आवाज. बोलले असते तर विहीर गेली असती. "बापा! कॉलेजात झोपाचंच शिकवते का?"

"राहू दे," बाबा म्हणाले, "ढोर शोधून राह्यली ते."

पाच ओळी लिहिल्या. होस्टेलात परतल्यावर चहाच्या रांगेत वाचून दाखवल्या. शिंप्याची मुलगी म्हणाली, "इतकं बोर सपन मी जिंदगीत आयकलं नाई." मला राग आला नाही. बोर असलं तरी ते माझं होतं, आणि मी ते स्वतः काढलं होतं.

पुढे होस्टेलच्या सकाळच्या घंटेआधी दहा मिनिटं जागं होऊन तसंच पडून राहायची सवय लावली. शेवटच्या वर्षापर्यंत दोन वह्या भरल्या. त्याच वर्षी एका स्वप्नात परीक्षेचा पेपर तेलुगूत आला. मला तेलुगू वाचता येत नाही, तरी मी तो भराभर वाचत होते. हे स्वप्न आहे, असं मी तिथेच ओळखलं आणि पेन खाली ठेवला.