चातुर्मासातले कांदे

चातुर्मासात आमच्या बडोद्याच्या घरात कांदा शिरत नसे आणि मला नेमके तेव्हाच कांदे हवे होते! मी एम.एस्सी.ला होते. कांद्याची कोवळी मुळं सकाळी कापायची, रंगवायची, काचपट्टीवर अंगठ्याने चेपायची आणि मायक्रोस्कोपखाली विभागणाऱ्या पेशी दाखवायच्या. शनिवारपर्यंत हे जमलं नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

खंडेराव मार्केटातून कांदे आणले तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "गॅलरीत ठेव. स्वयंपाकघरात आणलेस तर बघ!" केबलची नवी वायर जिथून आत आली होती, त्या कोपऱ्यात मी पाण्याच्या ग्लासांवर कांदे मांडले.

मुळं खुरटी निघाली. पट्टीवर बघते तर सगळ्या पेशी ढिम्म, एकही विभागत नव्हती. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी कांद्यांचा, मार्केटचा, नशिबाचा, सगळ्यांचा उद्धार केला.

"पाणी तर मी रोज बदलत होते गं," आई चाचरत म्हणाली. "तांब्याच्या कळशीतलं घालत होते. म्हटलं, शुद्ध पाणी मिळू दे बिचाऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडम हे ऐकून हसतच सुटल्या. "अरे बेन, तांब्याने मुळांची वाढ थांबते!"

आईला मात्र हसू येईना. लेकीचं वर्ष आपण बुडवलं, एवढंच तिच्या डोक्यात. नव्या कांद्यांना तिने साधं नळाचं पाणी घातलं आणि शनिवारी माझ्याबरोबर कॉलेजात आली. "मला माझ्या डोळ्यांनी बघू दे," म्हणाली.

मी पट्टी लावली आणि डोळा टेकवला. लालसर धाग्यांच्या दोन जुड्या, एकमेकींपासून दूर सरकता सरकता थबकलेल्या! पुस्तकात कितीदा पाहिलं होतं, तरी अंगावर सर्रकन काटा आला. मॅडमनी पाहिलं आणि मान डोलावली. "बस परीक्षेला."

मग आईने चष्मा काढून डोळा लावला.

"एकीच्या दोन होतायत?"

"हो."

"आपल्या अंगातही असंच?"

"असंच. तुझ्या पोटात मीसुद्धा आधी एकच पेशी होते."

ती पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. मागे पोरी खोळंबल्या होत्या, तरी मी तिला उठवलं नाही.

"आत एवढं सगळं चाललं होतं," शेवटी पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "आणि मी मेली नुसती ओकाऱ्यांना वैतागले होते गं!"