विरळ पट्ट्यांची साडी

शेवगावच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने मला गाडीतून उतरवलं तेव्हा खाली माझ्याच शाळेतल्या मुलांचे बाप उभे होते. मी फक्त नगरचं तिकीट मागितलं होतं. पण पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या तोंडातून 'नगर' हा शब्द धड निघत नव्हता, अक्षरं एकमेकांत लडबडून बाहेर पडायची.

"मास्तर, सकाळच्याला कशापायी घेता?" कंडक्टर म्हणाला. "जरा उतरू द्या, मग पुढच्या गाडीनं जा."

मी जन्मात दारूला शिवलो नव्हतो. पण हे सांगायला तोंड उघडलं असतं तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. मान खाली घालून उतरलो. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लई शिकल्याला मानूस हाय, पर बघ." मला राग आला होता, पण रागापेक्षा लाज मोठी होती. पुढच्या गाडीत मी तोंड न उघडता पैसे पुढे केले.

हातपाय हळूहळू वळणावर आले, जीभ तेवढी आली नाही. शाळेतून लांब रजा काढून मी नगरला थोरल्या भावाकडे राहिलो. बायको आणि मुलगी तिथेच असायच्या. आम्ही विणकर. आमचे पूर्वज कधीतरी तेलंगणातून आले, त्यामुळे दाराबाहेर मराठी आणि उंबऱ्याच्या आत तेलुगू. मी शाळेत ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. मराठी शिकवणारा मास्तर घरी आईला 'अम्मा' म्हणतो, हे पोरांना कळलं तर ती काय करतील, हे मास्तरलाच ठाऊक.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेरून शिकून आलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून बरंच काही म्हणवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं डोकं शाबूत आहे. शब्द सगळे जागेवर आहेत. जीभ आणि ओठ यांना एकमेकांची वेळ सापडत नाही, एवढंच. त्यांना ठेका लावून द्यायचा. एका ठोक्याला एक अक्षर, जास्त नाही. घरी कोणती भाषा बोलता?"

मी सांगितलं, मराठी.

"आईशी?"

मी खाली बघितलं. त्या हसल्या नाहीत. दोन्ही भाषांत सराव करायचा, एकीलाही उपाशी ठेवायचं नाही, असं म्हणाल्या. मग घरात एकसारखा ठोका पडणारं काही आहे का, असं विचारलं. हातमाग आहे, हे सांगतानासुद्धा मला संकोच वाटला. ज्या मागाच्या खड्ड्यातून सुटायला मी मास्तर झालो, तोच औषध म्हणून पुढे आला होता.

तेव्हापासून रोज दुपारी भाऊ मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि मी शेजारी पाटावर. तो आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा आणि तो धागा ठोकून बसवायला फणी ओढायचा. फणीच्या प्रत्येक ठोक्यावर मी एक अक्षर टाकायचो. त्याचा नेहमीचा वेग मला झेपेना. म्हणून तो माझ्यासाठी सावकाश, हलक्या हाताने ठोका मारू लागला. तेलुगू शब्द त्या ठोक्यावर बरे बसायचे, कारण त्यांच्या शेवटच्या अक्षरातला स्वरही पुरता उच्चारला जातो. मराठीत मी अडखळायचो. मी चिडून पाट सरकवायचो, भाऊ हातात धोटा धरून थांबायचा.

त्याच सुमाराला श्रीरामपूरहून मुलीसाठी स्थळ आलं. आमच्यातलेच, विणकर लोक. घर चांगलं होतं, मुलगा मुलीला पसंत होता. मला एकच भीती होती. बाप पितो अशी शंका आली तर ते चहा न संपवता उठतील. म्हणून मी स्वागताचीच वाक्यं घोकायला घेतली. या, बसा. चहा घ्या. ही माझी मुलगी.

या सरावाचा एक परिणाम आम्हा दोघांच्याही लक्षात आला नाही. साडी मागावरून उतरली तेव्हा दिसलं. जिथे जिथे मी बोललो होतो तिथे हलक्या ठोक्यामुळे वीण विरळ पडली होती. अख्ख्या साडीत आडवे पट्टे. व्यापाऱ्याने ती परत केली. भावाच्या हाताला आमच्या गल्लीत कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, "राहू दे घरात." पाहुणे आले त्या दिवशी मुलगी नेमकी तीच नेसली. तिला म्हणे रंग आवडला होता.

पाहुणे दारात आले आणि माझी जीभ टाळूला चिकटली. ओठ हलतायत आणि आवाज नाही, असं बघून वहिनी घाईने म्हणाल्या, "भावोजींचं आज मौन असतं." झालं. मुलाच्या आईने मला हात जोडले. मुलाने वाकून नमस्कार केला. मी अचानक साधुपुरुष झालो. कंडक्टरने उतरवलं तेव्हासुद्धा मला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं.

मुलगी चहा घेऊन आली. मुलाच्या वडिलांचं लक्ष आधी साडीकडे गेलं. विणकराचा डोळा. त्यांनी तेलुगूत विचारलं, "ही कुणाच्या हातची?"

"माझ्याच," भाऊ म्हणाला. "हात चळला."

त्यांनी बायकोकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. धडधाकट विणकराचा हात कशाने चळतो, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. "बराय, कळवतो आम्ही," म्हणत मंडळी उठली. दारूचा जो डाग मी आयुष्यभर टाळला, तो भावाने स्वतःच्या हातावर घेतला होता, आणि मी साधू होऊन गप्प बसलो होतो.

मी टाच जमिनीवर आपटायला लागलो. "ना-कु. मा-ट. रा-दु." मला बोलता येत नाही, हेच तेलुगूत. सगळे वळून बघायला लागले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती पुसायचंही सुचलं नाही. "हा-त. त्या-चा. च-ळ-ला. ना-ही." तिथे माझा ठेका मोडला. टाच एकीकडे, जीभ एकीकडे.

भाऊ नवं धोतर नेसला होता. तसाच तो मागाच्या खड्ड्यात उतरला आणि धागा न टाकताच फणी ओढू लागला. ठक. ठक. सावकाश, रोजच्यासारखं.

"जी-भ. मा-झी. अ-ड-ते." मी कसंबसं पुरं केलं. "मी. बो-ला-वं. म्ह-णून. त्या-ने. ठो-का. ह-ळू. के-ला."

मुलाचे वडील मुलीपाशी गेले. पदराचं टोक उचलून त्यांनी विरळ पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "इथं काय म्हणत होतात?"

लाजेने माझे डोळे भरून आले होते. भावाने फणी ओढली.

"या," मी म्हणालो. "ब-सा. च-हा. घ्या."

मग मुलाचे वडील सतरंजीवर बसले आणि त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.