टर्नरच्या रक्तातलं लोखंड

लेथ यंत्रावर लोखंड कातणाऱ्या टर्नरला कधी साधी शिंक येत नसे. म्हणूनच कारखान्यात ठणठणीत माणसांचं रक्त तपासायला मंडळी आली, तेव्हा हा बाही सरसावून सगळ्यांच्या पुढे!

निकाल आला. फेरिटिन जास्त.

"म्हणजे?"

"शरीरातलं लोखंड साठवणारं प्रथिन. डॉक्टरांना दाखवा," म्हणून तपासणीवाला पुढच्याकडे वळला.

झालं! लोखंड म्हटल्यावर टर्नरच्या काळजाचं पाणी झालं. उभा जन्म लेथवर गेलेला. लोखंडाचा कीस नाकातोंडातून रक्तात उतरला, दुसरं काय? आता लेथ सुटणार. आणि लेथ सुटली तर या माणसाला दुसरं येत होतं काय, घोरण्याशिवाय?

नाकाला फडकं बांधलं, कोपरापर्यंत हात घासले. जेवताना उठे, बसे, पुन्हा उठे.

"अहो, टेका की एका जागी!" बायको करवादली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

शेवटी गड्यानं कारखान्यातलं लोहचुंबक पोटाला लावलं. चिकटेना.

"बनियन काढ, कापड आड येतंय," शेजारचा फिटर म्हणाला.

बनियन काढलं, तर चुंबक घरंगळून थेट अंगठ्यावर.

"खोल असेल रे आतलं," फिटरनं धीर दिला. असला धीर वैऱ्यालाही मिळू नये!

लंगडत लंगडत टर्नर डॉक्टरीणबाईंकडे गेला. "बाई, लेथ सोडावी लागेल का?"

बाईंनी आधी त्याच्या कमरेला टेप लावली. "काम उभ्यानं की बसून?"

"पूर्वी उभ्यानं. आता मशीन आपोआप चालतं. स्टूल बनवलंय मी, बसून नजर ठेवतो."

"आणि तोंड?"

"ते चालूच असतं. चहा, बिस्किटं..."

"लेथवरचा जाड कीस असा रक्तात उतरत नाही हो. धडधाकट दिसणाऱ्यांतही हे प्रथिन वाढलेलं सापडतं. पुष्कळदा त्यांचं पोट सुटलेलं असतं, साखर-चरबी शरीराला नीट पेलेनाशी झालेली असते. पण नुसत्या याच्यावरून काही ठरत नाही, अंगात सूज असली तरी ते वाढतं. साखर नि यकृत तपासू."

साखर निघाली अगदी मधुमेहाच्या काठावर. लेथ वाचली! पण टर्नरची तगमग काही जाईना. लोखंडावर खापर फोडता येत होतं तोवर बरं होतं. आता बोट वळलं ते स्वतःच्याच पोटाकडे.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टूल फिटरपुढे आदळलं. "घे, तुला."

"नको बाबा," फिटर दोन पावलं मागे सरला. "माझं रक्त अजून तपासायचंय!"

स्टूल दिवसभर रिकामं राहिलं. टर्नर मशीनभोवती येरझारा घालत होता, बिस्किटांच्या डब्याकडे पाठ करून.