शेवटचं गाणं

नव्या चादरीची घडी उलगडली की खळीचा वास येतो आणि मला सोलापुरातलं आमचं हातमागाचं घर आठवतं. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. वडिलांनी मागावर बसून रचलेलं एक गाणं माझ्या गुरुजींनी स्वरलिपीसकट देशभरातल्या गीतस्पर्धेला पाठवलं, आणि निवडक गाण्यांच्या रेकॉर्डवर ते अगदी शेवटी आलं. गुरुजी आपला रेकॉर्डप्लेअर सायकलला बांधून घेऊन आले. नीट ऐकू यावं म्हणून आईनं माग थांबवायला लावला. गाणं वाजलं, व्हायोलिनं काय, गायिकेचा गोड गळा काय. वडिलांचा चेहरा मात्र उतरत गेला. "चाल माझीच हाय, पण गाणं माझं न्हाय," ते म्हणाले. गुरुजी खट्टू झाले. "अहो, एवढं सुंदर म्हटलंय की तिनं!" वडील उठले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. "आता लावा, गुरुजी." धोटा खटक्-खटक् धावू लागला आणि गाणं त्याच्यावर अलगद बसलं. ते संपलं तेव्हा चार बोटं कापड विणून झालं होतं. माग विकूनही आता कितीतरी वर्षं झाली. परवा नातीनं ती रेकॉर्ड लावली आणि म्हणाली, "छान आहे की, आजोबा!" तिला कसं सांगू, हे अर्धंच गाणं आहे.