नकाकाकांचा वशिला

आमच्या शेजारच्या नकाकाकांना कलासंग्रहालयाने विकत घेतलं, ही बातमी बिल्डिंगमध्ये सकाळच्या दुधाआधी पोहोचली. तळमजल्यावरच्या शिंपिणीने ती आणली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिला भाव लागला आणि चौथ्या मजल्यावर तर काकांना काचेच्या पेटीत ठेवणार, फक्त जेवणापुरतं बाहेर काढणार, हेही ठरून गेलं. यातली काचेची पेटी माझी. बाकीची भर इतरांची, उगाच सगळं माझ्या माथी नको.

खरं एवढंच होतं की काकांना कुणी विकत घेतलं नव्हतं. त्यांना मांडलं होतं. एका प्रदर्शनात, शेजारी पाटी लावून.

काका संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात रखवालदार. भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसायचं आणि 'नका' म्हणायचं, हे काम. हात लावू नका, टेकू नका, फ्लॅश मारू नका, पोराला चौकटीवर बसवू नका. हे इतकं अंगात मुरलं की आमच्या जिन्याच्या कठड्यालाही कुणाला टेकू देत नाहीत. म्हणून नकाकाका. नाव कुणी ठेवलं ते विचारू नका.

काकू गेल्या. घरात काका आणि मुलगी. मुलगी बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढते. दिवसभर लोकांच्या वाढदिवसांना गुलाब पुरवायचे आणि घरी येऊन दारं रंगवायची. दारं म्हणजे चित्रातली. बिल्डिंगमधलं एकही दार तिने सोडलेलं नाही. माझ्या दाराचं चित्र काढलं त्यात खालच्या फळीचा उडालेला रंग आला, जुन्या कुलपाची भोकं आली. मी म्हटलं, "अगं, थोडी पावडर तरी लावायचीस त्याला."

"काका, तुमचं दार बंद असतानाही कान देऊन उभं असतं. ते मी काढलंच नाही. आभार माना."

चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझी बायको त्या चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दाराला रंग काढून घ्या आता, लाज वाटते." याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

त्याच संग्रहालयात दरवर्षी शहरातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरतं. कुणीही चित्र द्यावं, समिती बघते, निवडते, बाकीची परत. मुलगी दरवर्षी द्यायची, दरवर्षी परत यायचं. आणि काकांची या जन्मी एकच इच्छा होती. पोरीचं चित्र आपल्या दालनात लागावं, आपण बाजूला स्टुलावर बसावं आणि जवळ येणाऱ्याला सांगावं, "हात लावू नका."

त्यासाठी त्यांनी वशिला लावला होता. मुलगी म्हणायची, "बाबा, मी नेऊन देते." छे! काका गणवेश चढवणार, वरपर्यंत बटणं लावणार, चित्र जुन्या चादरीत गाठी मारून बांधणार आणि मागच्या दाराने थेट कारकुनाच्या टेबलावर ठेवून म्हणणार, "आपल्या घरचं आहे हं. माझी मुलगी." कारकून मान डोलवायचा. संध्याकाळी मी जिन्यात विचारायचो, "काय काका, यंदा?"

"कानावर घातलंय," ते डोळा बारीक करून म्हणायचे.

कान कुणाचा, तो कुठवर पोहोचतो, हे त्यांनी सांगितलं नाही. चित्र परत आलं की म्हणायचे, "यंदा परीक्षक बाहेरचे होते. पण बघ, बांधून किती नीट पाठवतात. आपल्या गाठीसारखीच गाठ." आणि मुलगी ती गाठ सोडत बसायची.

या वर्षी पाहुणा कलाकार आला. दाढी अर्ध्याच गालावर राखलेला. बाकीची अर्धी कलेला वाहिली असावी. तो म्हणाला, चित्रांकडे सगळेच बघतात, पण दिवसभर चित्रं राखणाऱ्याकडे कोण बघतं? ऐकायला किती बरं वाटतं! मग त्याने रखवालदारांची स्टुलं, टोप्या, झिजलेले बूट, चहाचे मग असं सगळं मांडायचं ठरवलं. मधोमध एक जिवंत रखवालदार. काकांना निवडलं, कारण, त्याच्याच शब्दांत, "यांच्या चेहऱ्यावर काहीच नसतं."

काका नको म्हणाले. मग प्रदर्शनाच्या बाई स्वतः तिसऱ्या दालनात आल्या. या बाई म्हणजे कुठलं चित्र कुठे लागणार ते ठरवणाऱ्या. आजवर कधी काकांशी बोलल्या नव्हत्या.

"काका, संग्रहालयासाठी एवढं कराच."

"करतो बाई. पण माझ्या मुलीचं चित्र खाली दिलंय या वर्षीचं. ते तेवढं एकदा स्वतः बघा."

"का नाही? नक्की बघू!"

एवढ्या चार शब्दांवर माणूस चौथऱ्यावर चढला.

उद्घाटनाला मी गेलो. शेजारधर्म म्हणून, आणि चहा-बिस्किटं फुकट होती म्हणून. काका मधोमध स्टुलावर, डोक्यावर दिवा असा की टकलावर चंद्र उगवलेला. पाटीवर लिहिलं होतं: 'रखवालदार. माणूस, गणवेश, लाकडी स्टूल.' पुढे पाहुण्याचं नाव. काकांचं नव्हतं. बोलायचं नाही, हलायचं नाही, अशी ताकीद होती. माणसं भोवती फिरत होती, मागून बघत होती, एक जण तर वाकून त्यांच्या बुटांचे तळवे बघून आला. मी समोर उभा राहून तोंड वाकडं केलं, ते हसतात का बघायला. हसले नाहीत.

तेवढ्यात मोत्यांच्या माळेतल्या एका बाईंना शंका आली की हा मेणाचा तर नाही? त्यांनी बोट पुढे करून काकांच्या गालाला टोचलं.

"बाई, हात लावू नका," काका म्हणाले. सवयीने. तोंडातून गेलं ते.

मग टाळ्या! "किती मार्मिक!" कुणीतरी म्हणालं. पाहुण्याने लवून अभिवादन स्वीकारलं. मीही हसायच्या बेतात होतो, पण काकांकडे बघितलं आणि हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

प्रदर्शन चालू राहिलं. बाईंचा 'नक्की' काही उगवेना. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, काका चौथऱ्यावरून उतरले आणि बाईंच्या खोलीत गेले. बाईंना आधी आठवेचना. मग त्यांनी कारकुनाला बोलावलं. पुढचं मला भिंतीने सांगितलं. काका संध्याकाळी मुलीला सांगत होते, आमच्यात एक विटेची भिंत आहे आणि बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला होता.

"कारकून म्हणाला, ते होय? बाजूला ठेवलंय, दरवर्षीसारखं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांचं चित्र समितीपुढे जात नाही. नियम आहे."

"आणि हे आधी सांगितलं का नाही त्याने?"

"तेच विचारलं. तर म्हणतो, काका, तुम्ही किती हौसेने आणायचात, कोणत्या तोंडाने सांगणार? आणि म्हणतो..." इथे काका थांबले. "म्हणतो, मला तरी कुठून कळणार होतं? या आडनावाची माणसं शहरात पैशाला पासरी. तुम्हीच येऊन सांगायचात, माझी मुलगी म्हणून."

भिंतीपलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे कुणी बघितलीच नाहीत?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"चादर सोडली नाही कुणी. गाठ माझीच होती ती."

मला वाटलं ती रडेल. पण ती हिशेब मांडत असल्यासारखी बोलली. "पहिल्यांदा परत आलं तेव्हा वाटलं, रंग फार गडद आहेत. फिके केले. मग वाटलं, दारं मोठी होतात, लहान केली. मग वाटलं, दारात माणसं नाहीत म्हणून आवडत नसतील. माणसं घातली. मला माणसं जमत नाहीत, बाबा. तरी घातली."

काका काही म्हणाले असतील तर मला ऐकू आलं नाही. बायकोने टीव्हीचा आवाज परत सोडला होता. तिच्यात माझ्यापेक्षा जास्त माणुसकी आहे, हे मी अधूनमधून मान्य करतो.

दुसऱ्या दिवशीपासून मुलीच्या चित्र ठेवायच्या ईझलवर टॉवेल वाळत पडू लागले. काका रोज चौथऱ्यावर जातच होते. शब्द दिला होता ना! समोरच्याने पाळला नाही म्हणून आपला मोडायचा नाही, ही असल्या माणसांची खोड. मी जिन्यात गाठलं त्यांना. "काका, ठेवा की राजीनामा बाईंच्या टेबलावर. मग नियम गेला उडत." मी थट्टेतच म्हटलं होतं.

"म्हटलं तिला," ते म्हणाले. "ती नको म्हणते. म्हणते, मग चित्र लागलं तरी मला त्यात तुमची पेन्शनच दिसेल."



शेवटच्या रविवारी समारोप होता. खुर्च्या मांडल्या होत्या, कलाकाराशी गप्पा होत्या, माइक होता. मुलगी आली नाही, तिला लग्नाचा तीन मजली केक होता. काका नेहमीप्रमाणे दिव्याखाली. पाहुण्याने अर्ध्या दाढीवरून हात फिरवत आपल्या मनातल्या पोकळीबद्दल बरंच सांगितलं. मग बाई उठल्या आणि आनंदाने जाहीर केलं की ही कलाकृती संग्रहालय कायमची ठेवून घेत आहे. स्टूल, टोपी, गणवेश, सगळं. आणि जेव्हा जेव्हा मांडू तेव्हा काका येऊन बसतील.

"आजपासून काका आमचे कर्मचारी नाहीत," बाई हात पसरून म्हणाल्या, "काका आमचा ठेवा आहेत!"

टाळ्यांचा पाऊस. म्हणजे आमच्या बिल्डिंगमधली अफवा तशी अगदीच खोटी नव्हती, फक्त लवकर आली होती. बाईंनी माइक काकांपुढे धरला. "काका, दोन शब्द." पाहुणा कुजबुजला की कलाकृतीने बोलू नये, पण काका स्टुलावरून उठलेच होते. ते बोलले त्यालाही टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हेही ठरलेलंच असणार. बाई हसल्या, पाहुणा पुन्हा लवला, आणि खाली जाऊन चित्र बघायला कुणी गेलं नाही. काका म्हणाले ते असं:

"बाई, कर्मचारी नाही म्हणालात ना आत्ता, सगळ्यांसमोर? मग आता बघा माझ्या मुलीचं चित्र. ठेव्याला कुठे मुलगी असते, तुमचा नियमही मोडणार नाही."