शंका असेल तर सांग

वेल्लिंगिरी रोज सकाळी सातच्या सुमाराला फलाटावर यायचा, चपला बाहेर काढायचा आणि माझ्या खोलीच्या दारात उभा राहून हत्तींची खबर द्यायचा. कळप कुठे आहे, किती जण आहेत, आज कुठल्या बाजूने उतरतील. करडिमलै हे आमचं स्टेशन अगदी लहान. त्याच्या पुढचे सात किलोमीटर रूळ जंगलातून, थेट हत्तींच्या वाटेवरून जातात. मी तिथे अकरा वर्षं स्टेशनमास्तर होतो.

तो इरुळा या आदिवासी जमातीचा. बाप मध काढायचा. हा बाविसाव्या वर्षी जंगलखात्यात राखणदार म्हणून लागला आणि पन्नाशी उलटली तरी रोजंदारीवरच राहिला. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण प्रत्येक हत्तीण त्याला कानाच्या कडेवरून ओळखू यायची. दिवसा-रात्री कधीही उठून तो रुळांवर चक्कर मारायचा. पण सात किलोमीटर म्हणजे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम. माझ्या काळात तीन हत्ती गाडीखाली गेले. तिसरी हत्तीण गेली तेव्हा वेल्लिंगिरी दुसऱ्या टोकाला होता. तो धावत आला आणि संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी खडीवर बसून राहिला. मी पाणी पाठवलं, ते त्याने घेतलं नाही.

त्यानंतर वर्षभराने रुळांच्या कडेला बारा खांब उभे राहिले. खांबांवर कॅमेरे होते. अंगाच्या उष्णतेवरून ते जनावर ओळखायचे आणि हत्ती असेल तर माझ्या टेबलावरच्या पडद्यावर लाल खूण यायची. हे सगळं बसवायला तामरैसेल्वी नावाची इंजिनियर आली होती, तिरुनेलवेलीकडची. वय तीसच्या आतबाहेर, बोलणं थोडकं.

पहिल्या महिन्यात त्या यंत्राने आम्हाला हैराण केलं. गाय दिसली की लाल खूण. उन्हाने तापलेला खडक दिसला की लाल खूण. एकदा तर रूळ सांभाळणारी आमची गँगमन मंडळीच हत्ती ठरली. एका ड्रायव्हरने मला विचारलं, शेळीसाठीही गाडी थांबवायची का, ते एकदा लिहूनच द्या. वेल्लिंगिरी मनातून खूश असावा. हे खांब म्हणजे आपल्या पोटावर पाय, असं त्याच्या बायकोने, मासानीने, माझ्या घरी येऊन सांगितलं होतं.

मग एका दुपारी त्याचा वॉकी-टॉकीवर आवाज आला, तळ्याकडून सात हत्ती खाली येताहेत, मालगाडी थांबवा. मी पडद्याकडे पाहिलं. पडदा स्वच्छ होता.

"यंत्र काही दाखवत नाही रे," मी म्हणालो.

"मास्तर, यंत्राला मी ओळखत नाही. तुम्ही मला ओळखता ना?"

मी सिग्नल लाल केला. दहा मिनिटांत सातही जण रूळ ओलांडून गेले. नखशिखांत चिखलाने माखलेले होते. ओल्या चिखलाखाली त्यांच्या अंगाची ऊब कॅमेऱ्याला दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तामरैसेल्वी आली. आता ही यंत्राची बाजू घेणार, म्हणून वेल्लिंगिरी हाताची घडी घालून तयारीत उभा होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "अण्णा, चिखलाचं मला ठाऊक नव्हतं. अजून काय काय ठाऊक नाही, तेही मला ठाऊक नाही. शिकवाल का?"

तो गडबडला. मग त्याने मनातलं विचारलं. हे सगळं शिकवून झाल्यावर त्याचं काम उरणार होतं का? ती खोटं बोलली नाही. वरचे साहेब काय ठरवतील ते आपल्या हातात नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण राखणदार नसेल तर हे यंत्र चालवू नये, असं मी माझ्या अहवालात लिहीन, म्हणाली. आणि लिहिलं. पाठवण्याआधी त्याला वाचूनही दाखवलं.

पुढचे पाच महिने रोज दुपारी दोघं माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. ती एकेक चित्र दाखवायची, यंत्राने काय ओळखलं आणि कुठे फसलं ते सांगायची. स्वतःहून चुका दाखवणारं माणूस त्याने साहेब लोकांत पाहिलं नसावं. हळूहळू तो खुलला. हा रानगवा, मान बघ. ही सांबराची मादी. हा खडक, पोरी, खडकाला शेपूट कुठे असते? ती हसायची आणि टिपून घ्यायची. एका चित्रापाशी मात्र तो अडला. बराच वेळ बघून म्हणाला, मला सांगता येत नाही. यंत्राने तिथे ठामपणे हत्ती म्हटलं होतं.

"याला एक गोष्ट शिकव," तो म्हणाला. "शंका असेल तर शंका आहे म्हणायचं. ज्याला सगळंच कळतं, त्याच्याबरोबर मी जंगलात जात नाही."

तेव्हापासून पडद्यावर पिवळी खूणही येऊ लागली. लाल म्हणजे हत्ती, पिवळी म्हणजे मला नक्की कळत नाही, कुणीतरी जाऊन बघा.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. पोंगलचा सण तोंडावर आला होता, सकाळचं धुकं होतं. वेल्लिंगिरीने मला येऊन सांगितलं होतं की कळप डोंगरावर चढला, स्वतः मोजून आलोय, रूळ मोकळा. आम्ही दोघं चहा पीत होतो. तेवढ्यात नवव्या खांबाची पिवळी खूण आली. पडद्यावर उबेचा एक लहानसा ठिपका, कुत्र्याएवढा.

पॅसेंजर यायला चौदा मिनिटं होती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"रानडुक्कर असेल," तो म्हणाला. पुन्हा दोन घोट घेतले. मग ग्लास खाली ठेवला. "मीच सांगितलं होतं ना, शंका असेल तर बोल म्हणून. आता बोललंय, तर जायला हवं. मास्तर, गाडी धरा."

मी गाडी अलीकडच्या सिग्नलला धरली. तो धावत गेला. अर्ध्या तासाने वॉकी-टॉकीवर त्याचा श्वास ऐकू आला, मग शब्द. रुळालगतच्या गटारात पिल्लू पडलं होतं, जन्मून काही तासच झालेले. आई आणि दुसऱ्या दोन हत्तिणी बांबूच्या आड उभ्या होत्या, पिल्लाला वर काढायला रुळांवर येत होत्या, परत मागे जात होत्या. मागून धावत आलेल्या गँगमनांपैकी त्याने कोणालाही पुढे येऊ दिलं नाही. गाडी पन्नास मिनिटं थांबली. सुरुवातीला प्रवाशांनी गार्डला फैलावर घेतलं. कारण कळल्यावर बायकांनी मुलांना दारातून आत घेतलं. शेवटी आईने सोंडेने ओढलं, मावशीने मागून ढकललं, आणि ते ओलं पिल्लू उभं राहिलं.

वेल्लिंगिरी परत आला. सगळ्या गँगमनांसमोर तो म्हणाला, "माझी मोजणी चुकली. तिघी मागे राहिल्या होत्या, मला दिसल्या नाहीत." मग माझ्या फोनवरून तामरैसेल्वीशी बोलला. यंत्राच्या चुका लिहितेस तशी माझीही लिही, एवढंच त्याचं मागणं होतं. तिने तीही टिपून घेतली.

आमच्या हद्दीत त्यानंतर, मी होतो तोवर, हत्ती मेला नाही. पोंगलनंतर मासानी मधाची बरणी घेऊन स्टेशनवर आली, तामरैसेल्वी आलेलीच होती. बरणी तिच्या हातात देत मासानी म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. हा माणूस आता कुठे उजाडेपर्यंत झोपायला लागलाय. तुझे उपकार कसे फेडू, बाई?" मग खांबांच्या दिशेला बघून तिने विचारलं, त्यांना काय द्यायचं असतं? तामरैसेल्वी म्हणाली, काचा पुसत जा, पुरे. तेव्हापासून दर शुक्रवारी मासानी आणि तिची सून लांब काठीला फडकं बांधून कॅमेऱ्यांच्या काचा पुसतात. वेल्लिंगिरीचं काम राहिलंच, जंगलखात्याने नंतर त्या दोघींनाही कामावर घेतलं.

उपकार माझ्यावरही आहेत. तीन हत्तींचे अहवाल मी माझ्या हाताने लिहिले होते, चौथा लिहावा लागला नाही. माणसावर कधी भिस्त ठेवायची, यंत्रावर कधी, आणि दोघांनाही न दुखावता कसं पडताळून बघायचं, हे मला माझ्या खात्याने शिकवलं नाही, त्या बाकावरच्या दोघांनी शिकवलं.

गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली. नवे मास्तर ताबा घ्यायला आले आणि थेट पडद्यापुढे बसून लाल-पिवळ्या खुणांबद्दल विचारू लागले. मी म्हटलं, ते सगळं सांगतो, आधी बूट घाला. बाहेर वेल्लिंगिरी वाट बघत होता. आम्ही तिघं नवव्या खांबापर्यंत चालत गेलो. वाटेत तोच बोलत होता.